आर्मेनियाचं जर्दाळू, बेंगळुरूचं वांगं

चेन्नईच्या कोयंबेडू बाजारात फिकट हिरव्या रंगाची, नाशपतीच्या घाटाची, खालच्या टोकाला चुण्या पडलेली एक फळभाजी मिळते. साल सोलताना हाताला चीक लागतो. आत पांढरा, पाणीदार गर आणि मधोमध एकच चपटी बी. तमिळमध्ये तिला ‘बेंगळूर कत्तिरिक्काय’ म्हणतात आणि तेलुगूत ‘बेंगळूरु वंकाया’. दोन्हींचा अर्थ एकच, बेंगळुरूचं वांगं. पण खुद्द बेंगळुरूत, गांधी बझारात किंवा के. आर. मार्केटात, याच नावानं भाजी मागितली तर विक्रेता नेहमीच्या जांभळ्या वांग्यांकडे बोट दाखवील. तिथे या भाजीचं नाव ‘सीमे बदनेकाई’. बदनेकाई म्हणजे वांगं आणि ‘सीमे’ म्हणजे परमुलखातलं. चेन्नई जिला बेंगळुरूची म्हणते, तिला बेंगळुरू परदेशी म्हणतं.

कन्नडमधला हा ‘सीमे’ शब्द फार कामाचा आहे. रॉकेलला ‘सीमे एण्णे’ म्हणतात, खडूला ‘सीमे सुण्ण’, संकरित गाईला ‘सीमे हसु’. मूळ शब्द ‘सीमा’, म्हणजे हद्द किंवा मुलूख. पुढे तो परक्या मुलखाला चिकटला आणि बाहेरून आलेल्या प्रत्येक वस्तूच्या पाठीवर बसला. मराठीत हेच काम ‘विलायती’ या शब्दानं केलं. अरबी ‘विलायत’चा मूळ अर्थही एखाद्याच्या सत्तेखालचा प्रांत एवढाच. गोड गराची, वेटोळ्या शेंगांची विलायती चिंच इंग्लंडची नाही आणि ती चिंचही नाही. तिचं माहेर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. सीमे बदनेकाईचं माहेरही तेच.

वनस्पतिशास्त्रात तिचं नाव सेचियम एड्युले. ती काकडी-भोपळ्याच्या कुळातली, वेलीवर येणारी. वांग्याशी तिचं काहीच नातं नाही. मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेत तिला ‘चायोत्ली’ म्हणतात. स्पॅनिश लोकांनी त्याचं ‘चायोते’ केलं आणि फिलिपाइन्समध्ये ते ‘सायोते’ झालं. जमैकात हीच भाजी ‘चोचो’ आहे, ब्राझीलमध्ये ‘शुशु’, मॉरिशसमध्ये ‘शूशू’, ऑस्ट्रेलियात ‘चोको’. दक्षिण भारतात, मराठी घरांतसुद्धा, रूढ असलेलं ‘चौचौ’ हे नाव याच भावंडांत शोभतं. ईशान्येकडे वेगळीच वाट दिसते. दार्जिलिंगच्या नेपाळी बोलीत ती ‘इस्कुस’, तर मिझोराममध्ये ‘इस्कुट’. इंग्रजी ‘स्क्वॉश’ डोंगरात पोचला आणि तिथल्या जिभेवर असा बसला. (बेंगळुरूत नव्यानं आलेल्या मराठी माणसाला इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. न्याहारीच्या हॉटेलातल्या ‘चौचौ भात’मध्ये ही भाजी नसते. एका ताटलीत खारा भात आणि केसरी भात, म्हणजे तिखट उपमा आणि गोड शिरा, असा तो जोड असतो.)

या वनस्पतीचा एक गुण तिच्या नावाच्या इतिहासाला फार जवळचा आहे. तिची बी वाळवून पुडीत बांधता येत नाही. वाळली की मरते. ती फळाच्या आतच रुजते, कधी कधी वेलीवर असतानाच फळाच्या टोकातून कोंब बाहेर येतो. लागवड करायची तर आख्खं फळ मातीत ठेवावं लागतं. त्यामुळे धान्याच्या पोत्यातून, खलाशाच्या खिशातून किंवा पक्ष्याच्या पोटातून ही वनस्पती समुद्र ओलांडून येऊ शकत नाही. तिला कोणीतरी मुद्दाम, जिवंत ठेवून आणावं लागतं, आणि आणल्यावर तिची वाढ करून पुढे वाटणारी बाग लागते. बेंगळुरूत ती बाग होती.

लालबागेची सुरुवात हैदर अलीनं 1760च्या सुमारास केली, टिपूनं ती वाढवली. 1856मध्ये तिला सरकारी वनस्पती उद्यानाचा दर्जा मिळाला आणि लंडनच्या क्यू उद्यानाशी तिचा रोपांचा, बियांचा, माणसांचा व्यवहार सुरू झाला. 1874मध्ये जॉन कॅमेरॉन हे अधीक्षक म्हणून आले आणि तीस वर्षांहून अधिक काळ राहिले. लालबागेतल्या काचघराची पायाभरणी त्यांच्याच कारकिर्दीत, 1889मध्ये झाली. आज लोक तिथे पुष्पप्रदर्शन पाहायला गर्दी करतात. पण कॅमेरॉन यांचं मोठं काम काचघराबाहेरचं होतं. परदेशातून आलेली पिकं या मातीत तगतात का हे पाहायचं, तगली तर शेतकऱ्यांच्या हाती द्यायची. चौचौ बेंगळुरूत आणण्याचं श्रेय त्यांनाच दिलं जातं.

त्यांच्यानंतर 1908मध्ये गुस्टाव क्रुंबिगल आले. हे जर्मन उद्यानतज्ज्ञ क्यूमध्ये शिकले होते आणि 1893मध्ये भारतात आले ते सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत, बडोद्याच्या बागांसाठी. बडोद्याहून ते म्हैसूर संस्थानात गेले. एक बहर ओसरला की दुसऱ्या झाडाचा यावा अशा बेतानं बेंगळुरूच्या रस्त्यांवर झाडं लावण्याची कल्पना त्यांची. शहराच्या फुलांबद्दल कौतुकानं बोलणाऱ्या मराठी वाचकाला त्यातला बडोद्याचा हा धागा माहीत असायला हवा.

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचावर आहे. 1809मध्ये इथे इंग्रजांची छावणी वसली आणि छावणीला रोज भाजी लागे. थंड हवेत कोबी, गाजर, बीट अशा भाज्या चांगल्या होत, त्यामुळे आजूबाजूच्या गावांत भाजीचे मळे फुलले. 1864मध्ये छावणीपर्यंत रेल्वे आली आणि मद्रास जोडलं गेलं. आता मद्रासच्या बाजारात उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूनं पाहा. एक अनोळखी फळभाजी वरच्या पठारावरून येते. तिचं मेक्सिकोतलं नाव त्याला कोणी सांगितलेलं नाही. ती कुठून आली असं विचारलं तर उत्तर येतं, बेंगळुरूहून. त्यानं तेच नाव ठेवलं. माझ्या मते ही चूक नाही. ती भाजी त्याच्यापर्यंत पोचण्याआधी जिथे थांबली होती, त्या जागेची ही नोंद आहे. जगातल्या पुष्कळ वनस्पतींची स्थळवाचक नावं अशीच वाचावी लागतात, आणि यातलं एक गाजलेलं, जुनं उदाहरण आर्मेनियाचं आहे.

जर्दाळूचं शास्त्रीय नाव प्रूनस आर्मेनियाका. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं ते 1753मध्ये पक्कं केलं, पण शब्द त्याचा नव्हता. इ. स.च्या पहिल्या शतकात ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस या फळाला ‘आर्मेनियाचं सफरचंद’ म्हणतो. त्याच शतकातले रोमन लेखक प्लिनी आणि कोलुमेला यांच्याकडेही ‘आर्मेनियाका’ आहे. रोमला आर्मेनियाची ओळख नुकतीच, आणि तीही तलवारीनं झाली होती. इ. स. पूर्व 69मध्ये लुकुलस या सेनापतीनं आर्मेनियाचा राजा तिग्रान याला तिग्रानाकर्ट या त्याच्याच राजधानीपाशी हरवलं आणि पाठोपाठ पाँपे हा दुसरा रोमन सेनापती आला. इराण आणि मध्य आशियाकडून येणाऱ्या वाटा भूमध्य समुद्राकडे वळतात, त्या मार्गावर हा डोंगराळ देश बसलेला. या वाटांवरून फळं, रोपं, कलमं पश्चिमेकडे सरकली. पीचबाबतही हेच झालं. ते मूळचं चीनचं, पण रोमन लोकांना इराणकडून मिळालं म्हणून ‘पर्सिका’ ठरलं.

आर्मेनियातले लोक मात्र या फळाला ‘आर्मेनियाचं’ म्हणत नाहीत. का म्हणतील? बेंगळुरूतला माणूस तरी चौचौला बेंगळुरूचं वांगं कुठे म्हणतो? त्यांचा शब्द ‘त्सिरान’. हा शब्द त्यांच्या भाषेत खोलवर मुरलेला आहे. ‘त्सिरानी’ हा त्याच शब्दातून आलेला रंगवाचक शब्द जुन्या आर्मेनियनमध्ये राजवस्त्रांच्या जांभळट लाल रंगासाठी येतो. वाहाग्न या देवाच्या जन्माचं ख्रिस्तपूर्व परंपरेतलं गीत इतिहासकार मोवसेस खोरेनात्सीनं जपून ठेवलं आहे, त्यातल्या समुद्रालाही हेच विशेषण आहे. दुदुक हे त्यांचं शोकगंभीर सुरांचं वाद्य जर्दाळूच्याच लाकडाचं बनतं आणि त्याचं एक नाव ‘त्सिरानापोघ’, म्हणजे जर्दाळूची नळी. युनेस्कोनं दुदुकच्या संगीताची 2005मध्ये मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून दखल घेतली. राष्ट्रध्वजाचा खालचा पट्टा कायद्यात नारिंगी आहे, लोक त्याला जर्दाळूचा रंग म्हणतात. 2004पासून येरेवानमध्ये भरणाऱ्या चित्रपट महोत्सवाचं नाव ‘सोनेरी जर्दाळू’. ज्यांच्या नावानं जगानं हे फळ ओळखलं, त्यांनी ते नाव स्वतः कधी वापरलं नाही, पण त्या फळाला जीव लावला तो त्यांनीच.

मग जर्दाळूचं जन्मस्थान कुठलं? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्विस शास्त्रज्ञ आल्फोन्स द कांदोल यानं चीनचा दावा मांडला. पुढे रशियाच्या निकोलाय वाविलोव्हनं चीन आणि मध्य आशिया ही मूळ केंद्रं मानली आणि आर्मेनियाच्या बाजूचा प्रदेश दुय्यम. 2021मध्ये जंगली आणि लागवडीच्या झाडांच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की युरोपीय जर्दाळू आणि चिनी जर्दाळू माणसानं वेगवेगळे माणसाळवले, आणि दोन्हींची मुळं मध्य आशियातल्या जंगली झाडांच्या निरनिराळ्या गटांत आहेत. तिथल्या तिएनशान पर्वतराजीच्या उतारांवर आजही जर्दाळूची रानं आहेत. तेव्हा ‘आर्मेनियाका’ हे जन्मस्थान सांगत नाही. रोमन माणसाच्या आधी हे फळ कोणाच्या अंगणात होतं, ते सांगतं. आणि तिथे ते पाहुणं नव्हतं, शतकानुशतकं नांदत होतं.

गंमत अशी की ज्या रोमन लोकांनी हे भूगोलाचं नाव दिलं, त्यांच्याकडे याच फळाला दुसरंही नाव होतं, ‘प्रायकोकिया’, म्हणजे लवकर पिकणारं. ते नाव ग्रीकांकडे गेलं, ग्रीकांकडून अरबांकडे जाऊन ‘अल-बर्कूक’ झालं, अरबांबरोबर स्पेनमध्ये ‘आल्बारिकोके’ झालं आणि तिथून इंग्रजीत ‘ॲप्रिकॉट’. इटलीहून निघालेला शब्द भूमध्य समुद्राला पूर्ण वळसा घालून युरोपात परत आला. वाटेत अर्थही निसटला. आज पूर्वेकडच्या अरबी देशांत ‘बर्कूक’ म्हणजे आलुबुखार, जर्दाळू तिथे ‘मिश्मिश’ आहे. पोर्तुगीजांनी तर तिसरंच गाव गाठलं. त्यांच्याकडे जर्दाळूचं एक नाव ‘दमाश्कु’, म्हणजे दमास्कसचं. एकाच फळावर एकानं आर्मेनिया कोरला, दुसऱ्यानं दमास्कस. दोघंही आपापल्या व्यापाऱ्याबद्दल खरं बोलत होते.

आपला ‘जर्दाळू’ फारसीतून आला, ‘जर्द’ म्हणजे पिवळा आणि ‘आलू’ म्हणजे आलुबुखाराच्या जातीचं फळ. बुखाऱ्याचा आलू तो आलुबुखार, इथेही गावाचं नाव आहेच. जर्दाळूच्या नावात गाव नाही, रंग आहे, म्हणून ते सहज दुसऱ्या फळावरही जाऊ शकलं. बिहारमध्ये भागलपूरच्या एका पिवळ्या, सुगंधी आंब्याचं नाव जर्दालू आहे आणि 2018मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. लडाखमध्ये, जिथे जर्दाळूची झाडं अंगणात असतात, तिथे फारसी शब्दाची गरज पडली नाही. लडाखी लोक त्याला ‘चुली’ म्हणतात.

बेंगळुरूच्या वाट्याला जर्दाळू फक्त सुक्या रूपात आलं. या झाडाला बहर धरायला हिवाळ्यात कडक, लांबलेली थंडी लागते. बेंगळुरूचं आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान 7.8 अंश सेल्सियस, तेही 1884च्या जानेवारीत. एवढ्याशा थंडीवर जर्दाळू फळत नाही. त्यामुळे शिवाजीनगरच्या रसेल मार्केटातल्या सुक्या मेव्याच्या दुकानात ते वाळून, आठळीसकट येतं आणि आपलं फारसी नाव घेऊनच येतं. मेक्सिकोची वेल इथे रुजली म्हणून तिला स्थानिक नाव मिळालं, शेजाऱ्यांनी तिला या शहराचं नावही दिलं. जर्दाळू इथे रुजलं नाही आणि त्याला वेगळं नाव मिळालं नाही.

आर्मेनियाच्या बाबतीत उलटा प्रकारही घडला आहे आणि त्यात भारताचा हात आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, वॉशिंग्टन आणि ओरेगन राज्यांत, काटेरी काळ्या बेरीचं एक झुडूप रस्त्याकडेला, नदीकाठी, पडीक जमिनीवर माजलेलं असतं. लोक त्याला ‘हिमालयन ब्लॅकबेरी’ म्हणतात. हिमालयाशी त्याचा संबंध नाही. ते मूळचं आर्मेनिया आणि उत्तर इराणचं, आणि शास्त्रीय नावात ते स्पष्ट लिहिलेलं आहे, रुबस आर्मेनियाकस. 1885मध्ये ल्यूथर बरबँक या कॅलिफोर्नियातल्या प्रसिद्ध रोपनिर्मात्यानं ते अमेरिकेत आणलं. बिया त्याला भारताकडून मिळाल्या होत्या, म्हणून त्यानं ते ‘हिमालया जायंट’ या नावानं विकलं. फळं मोठी, गोड, भरघोस, लोकांनी हौसेनं लावली आणि थोड्याच काळात झुडूप कुंपणाबाहेर गेलं. आज तिथली सरकारी खाती ते उपटण्यावर खर्च करतात. जर्दाळू आर्मेनियाचं नसताना त्याला आर्मेनियाचं नाव मिळालं, ही बेरी आर्मेनियाची असताना तिला आपल्या हिमालयाचं. दोन्ही ठिकाणी नियम एकच, ज्याच्या हातून मिळालं त्याचं नाव.

मराठी वाचकाला यासाठी फार लांब जायची गरज नाही. जालन्याची मोसंबी घ्या. तिच्या नावात आफ्रिकेचा मोझांबिक आहे. गोड संत्रावर्गीय फळांचं मूळ घर चीन आणि आग्नेय आशियाच्या बाजूला, पण लिस्बनहून गोव्याकडे येणारी पोर्तुगीज जहाजं मोझांबिक बेटावर थांबत, कधी वारा फिरेपर्यंत महिनोन् महिने मुक्काम पडे. त्या थांब्याचं नाव फळाला लागलं. याच गोड संत्र्याला इराणी, तुर्की आणि ग्रीक लोक पोर्तुगालच्या नावानं ओळखतात, ‘पोर्तगाल’, ‘पोर्ताकाल’, ‘पोर्तोकाली’. डच त्याला ‘सिनासआपेल’ म्हणतात, चीनचं सफरचंद. ही नावं शेजारी शेजारी मांडली की सोळाव्या-सतराव्या शतकातल्या सागरी व्यापाराचा अर्धा नकाशा हाती येतो. इतिहासाच्या पुस्तकात हा नकाशा शाईनं काढावा लागतो, फळवाल्याच्या हातगाडीवर तो आयताच मांडलेला असतो.

शास्त्रज्ञांनी ही ‘चुकीची’ नावं दुरुस्त का केली नाहीत, असा प्रश्न पडू शकतो. त्यांनी मुद्दाम केली नाहीत. वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत स्पष्ट नियम आहे की, रीतसर दिलेलं नाव केवळ अयोग्य किंवा दिशाभूल करणारं आहे म्हणून रद्द होत नाही. तिथे दिलेलं उदाहरण सिला पेरुवियाना या निळ्या-जांभळ्या फुलांच्या कंदवर्गीय वनस्पतीचं आहे. ती भूमध्य समुद्राच्या काठी उगवते, पेरू देशात नाही, तरी लिनियसचं नाव कायम आहे. हा नियम शहाणपणाचा आहे. नवं संशोधन आलं की नाव बदलायचं ठरवलं असतं, तर द कांदोलच्या काळात जर्दाळू चीनचं झालं असतं, वाविलोव्हनंतर पुन्हा बदललं असतं, 2021नंतर त्याची दोन नावं झाली असती आणि रोमन माणसाला ते कुठे भेटलं हे मात्र आपण विसरलो असतो.

बेंगळुरूचं नाव एका आंब्यावरही आहे. आपण ज्याला तोतापुरी म्हणतो त्याचं फळबागेच्या पुस्तकातलं एक नाव ‘बंगलोरा’. पोपटाच्या चोचीसारख्या टोकावरून तमिळमध्ये ते ‘किळिमूक्कु’ झालं आणि आंध्रात तर त्याला ‘कलेक्टर’ असंही म्हणतात. गराच्या कारखान्यांचा हा मुख्य आंबा. तो पिकतो मुख्यतः चित्तूर, कृष्णगिरी आणि कोलार भागात. शहराचं नाव त्यानं घेतलं आणि शहराबाहेर वाढला.

दुसऱ्यांना नाव देणाऱ्या या शहराचं स्वतःचं नाव कुठून आलं, तिथेही वनस्पतीच पुढे येतात. लोकप्रिय कथा होयसळ राजा वीर बल्लाळाची. शिकारीत वाट चुकलेल्या राजाला म्हातारीनं उकडलेल्या शेंगांचे दाणे दिले, म्हणून ‘बेंद काळ ऊरु’, उकडलेल्या दाण्यांचं गाव. बल्लाळाचा काळ बाराव्या शतकाची अखेर आणि तेराव्याची सुरुवात. पण शहराच्या दक्षिणेला बेगूर इथल्या नागेश्वर मंदिरात इ. स. 890च्या सुमाराचा वीरगळ आहे आणि त्यावर ‘बेंगळूरु’च्या लढाईचा उल्लेख आहे. म्हणजे कथेतला राजा गादीवर येण्यापूर्वी जवळजवळ तीनशे वर्षं हे नाव चालू होतं. दुसरी उपपत्ती झाडाची आहे. तमिळमध्ये ‘वेंगै’ नावाचा वृक्ष आहे आणि तमिळ ‘व’च्या जागी कन्नडमध्ये अनेकदा ‘ब’ येतो. त्या वृक्षांचं गाव ते बेंगळूरु. हा वृक्ष म्हणजे आपला बिबळा, ज्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर पाणी ठेवून मधुमेही माणसं सकाळी ते पितात. सह्याद्रीतही तो भरपूर आहे. उच्चाराच्या दृष्टीनं ही उपपत्ती दाण्यांच्या कथेपेक्षा सरळ आहे आणि वीरगळाच्या काळाशी तिचा विरोध नाही. पण बेगूरच्या दगडावर गावाचं नाव आहे, लढाई आहे, पडलेला वीर आहे. झाडाचा उल्लेख त्यावर नाही.